आशिया वर्ल्ड, लो कुटुंब आणि यांगूनहून येणारा उडीद: बँकेला काय उत्तर द्यायचं?

उडीद_वाशी

नमस्कार मंडळी. म्यानमारचा उडीद मागवतो, एफएक्यू (सरासरी प्रतीचा), २० फुटी कंटेनरला २४ टन, न्हावा शेवाला उतरतो. यावेळी कागद बँकेत गेले आणि उलट टपाली प्रश्न आले. माल यांगूनच्या आशिया वर्ल्ड पोर्ट टर्मिनलमधून चढला आहे, त्याचे मालक कोण? त्यांचं लष्कराशी नातं काय? निर्बंध आहेत का? आणि माल म्यानमारचा, मग पैसे सिंगापूरच्या कंपनीला का?

निर्यातदार म्हणतो, टर्मिनल जहाज कंपनी ठरवते, आमचा संबंध नाही. नेटवर शोधलं तर एका लेखात "अफूसम्राटाची कंपनी", दुसऱ्यात "देशातला सर्वात मोठा बांधकाम समूह". दोन्हीतून बँकेला लिहिता येईल असं काही हाती लागत नाही. जाणकारांनी नीट समजावून सांगावं.

शान_डोंगर

तुम्ही वाचलेले दोन्ही लेख बरोबर आहेत, आणि दोन्ही अर्धेच आहेत. पहिल्या वाक्यातून दुसरं कसं निघालं, तोच खरा विषय आहे.

लो शिंग हान हा शान राज्यातल्या कोकांगचा, चीनच्या सीमेला खेटून असलेल्या डोंगराळ पट्ट्यातला. १९६०च्या दशकात बर्मी लष्कराने बंडखोरांविरुद्ध स्थानिक टोळ्या उभ्या केल्या, त्यांना 'का क्वे ये' म्हणत. पगार द्यायला सरकारकडे पैसा नव्हता. मग सौदा असा ठरला की टोळ्यांनी बंडखोरांशी लढायचं आणि त्या बदल्यात त्यांचे अफूचे तांडे सरकारी रस्त्यांवर कुणी अडवायचे नाहीत. या टोळीप्रमुखांत लो सर्वात बलाढ्य होता. १९७३ मध्ये सरकारने टोळ्या मोडीत काढल्या, तेव्हा तो शान बंडखोरांना जाऊन मिळाला, त्याच वर्षी थायलंडमध्ये पकडला गेला आणि बर्माच्या ताब्यात आला. त्याला फाशीची शिक्षा झाली ती राजद्रोहाबद्दल. अफूबद्दल खटला चालवणं सरकारला अडचणीचं होतं, कारण मुभा त्यांनीच दिली होती. १९८०च्या सार्वत्रिक माफीत तो सुटला.

कंपनीचा पाया पडला तो १९८९ मध्ये. त्या वर्षी मार्चमध्ये बर्मी कम्युनिस्ट पक्षाच्या कोकांगमधल्या फौजेने फंग जियाशेंगच्या नेतृत्वाखाली बंड केलं आणि अख्खा पक्ष कोसळला. लष्करी गुप्तचर प्रमुख खिन न्युंट यांना या फौजांशी तातडीने युद्धविराम हवा होता, नाहीतर त्या दुसऱ्या बंडखोरांच्या बाजूला गेल्या असत्या. कोकांगची बोली बोलणारा, तिथल्या घराण्यांना ओळखणारा आणि सरकारलाही ऐकेल असा मध्यस्थ म्हणजे लो. युद्धविराम झाला. लो कुटुंबाला धंद्याची दारं उघडली आणि १९९२ मध्ये आशिया वर्ल्ड स्थापन झाली. मुलगा स्टीव्हन लॉ, म्हणजेच टुन म्यिंट नाइंग, व्यवस्थापकीय संचालक झाला.

पुढे मिळालेली कामं नुसती डोळ्यांखालून घातली तरी एक गोष्ट लक्षात येते. यांगूनमध्ये अलोनचं बंदर, म्हणजे तुमचा माल चढला ते टर्मिनल. लाशिओहून म्यूजला, म्हणजे चीनच्या सीमेवर जाणारा टोलचा रस्ता. मलेशियन उद्योगपती रॉबर्ट क्वोक यांच्या समूहाबरोबर यांगूनमधलं ट्रेडर्स हॉटेल. नोव्हेंबर २००५ मध्ये राजधानी हलली तेव्हा नेपिडॉमधली बांधकामं, नंतर तिथला विमानतळ. मे २००८च्या नर्गिस चक्रीवादळानंतर पुनर्बांधणी. मग यांगून विमानतळाचं नवं टर्मिनल. यात बाजारात ग्राहकाने निवडावं असं फारच थोडं आहे. जमीन, परवाना आणि कंत्राट देणारा एकच, सरकार. टोल आणि बंदर हे तर वर्षानुवर्षं रोख देणारे धंदे. त्यामुळे "काळा पैसा पांढरा करायला कंपनी काढली" एवढंच म्हणणं मला अपुरं वाटतं. सुरुवातीचं भांडवल कुठून आलं हा रास्त प्रश्न आहे, पण समूह मोठा झाला तो सरकारी सवलतींवर.

ऑक्टोबर २००४ मध्ये खिन न्युंट यांना पदावरून काढलं, त्यांचं गुप्तचर खातं मोडलं, जवळची माणसं तुरुंगात गेली. ज्याच्या आशीर्वादाने कंपनी उभी राहिली तोच गेला. तरीही आशिया वर्ल्डची नेपिडॉतली मोठी कामं त्यानंतरचीच आहेत, लष्करी राजवटीचे प्रमुख थान श्वे यांच्या काळातली. विषयाच्या खोलात उतरायचं तर हा मुद्दा सोडू नका. या घराण्याचा आधार एका सेनानीपुरता नव्हता. रस्ता, धक्का, धावपट्टी बांधून देणारी यंत्रसामग्री आणि चीनशी असलेली ओळख यांची गरज प्रत्येक राजवटीला पडली.

म्यित्सोन धरणातही हेच दिसतं. काचिन राज्यात इरावतीच्या उगमसंगमावर ६००० मेगावॉटचा, ३.६ अब्ज डॉलरचा प्रकल्प. चायना पॉवर इन्व्हेस्टमेंटचा ८० टक्के वाटा, म्यानमार सरकारचा १५ आणि आशिया वर्ल्डचा ५. पाच टक्क्यांसाठी कंपनी हवी होती ती भांडवलासाठी नव्हे, जमिनीवरच्या कामासाठी. ३० सप्टेंबर २०११ रोजी राष्ट्राध्यक्ष थेन सेन यांनी लोकांचा विरोध पाहून प्रकल्प थांबवला. लो शिंग हान जुलै २०१३ मध्ये यांगूनमध्ये वारला.

निर्बंध_वाचक

वरचा इतिहास पक्का आहे. बँकेला मात्र तीन वेगळे प्रश्न पडलेले असतात आणि ते एकमेकांत मिसळले की उत्तर बिघडतं. मालक लष्कर आहे का? मालक निर्बंधांच्या यादीत आहे का? पैसे यादीतल्या कुणाच्या हातून जाणार आहेत का?

पहिल्याचं उत्तर: आशिया वर्ल्ड ही लष्कराची कंपनी नाही, खासगी कुटुंबाची आहे. लष्कराच्या स्वतःच्या कंपन्या दोन, १९९० मध्ये स्थापन झालेली म्यानमा इकॉनॉमिक होल्डिंग्ज आणि १९९७ची म्यानमा इकॉनॉमिक कॉर्पोरेशन. या दोघींवर अमेरिकेने २५ मार्च २०२१ रोजी निर्बंध घातले, युरोपीय संघाने त्याच एप्रिलमध्ये. इंग्रजी लेखांत "लष्कराशी संबंधित" हा एकच शिक्का दोन्ही प्रकारांवर मारतात आणि बँकेतला माणूस घाबरतो. नातं जवळचं असणं आणि मालकी असणं यांत कायद्याने फरक आहे, तो पत्रात स्पष्ट लिहा.

दुसऱ्यासाठी तारखा लागतील. २५ फेब्रुवारी २००८ रोजी अमेरिकी अर्थखात्याने लो शिंग हान, स्टीव्हन लॉ, त्याची सिंगापुरी पत्नी सेसिलिया एन्ग, आशिया वर्ल्ड आणि सेसिलिया यांच्या मालकीच्या सिंगापूरमधल्या १० कंपन्या यादीत टाकल्या. त्यातली गोल्डन ॲरन ही चीनच्या सीनूक या तेल कंपनीबरोबर म्यानमारमधल्या तेल-वायू शोधाच्या करारांत भागीदार होती. सिंगापूरचं नाव पाहून तुमची बँक का थबकली, ते इथे कळेल. म्यानमारचं घराणं आणि सिंगापूरची कंपनी ही जोडी निर्बंधवाल्यांना चांगली पाठ आहे.

पुढे २०१५ मध्ये मोठा घोळ झाला. अमेरिकेने म्यानमारवरचे बरेच निर्बंध सैल केले होते, व्यापार वाढला होता, आणि तेवढ्यात अमेरिकी बँकांच्या लक्षात आलं की यांगूनची कितीतरी निर्यात-आयात अजून यादीतच असलेल्या घराण्याच्या धक्क्यावरून जाते. त्यांनी वित्तपुरवठा आखडता घेतला. खरेदीदाराचा लो कुटुंबाशी काडीचा संबंध नसतानाही व्यवहार अडकले. डिसेंबर २०१५ मध्ये अर्थखात्याला सहा महिन्यांचा सर्वसाधारण परवाना काढावा लागला. त्याचा आशय एवढाच, की यादीतल्या माणसाकडून माल घ्यायचा नाही, त्याला विकायचाही नाही, पण त्याच्या बंदरातून माल नेला तर चालेल. मे २०१६ मध्ये तो परवाना मुदतीशिवाय वाढवला, आणि त्याच दिवशी स्टीव्हन लॉ किंवा आशिया वर्ल्डच्या मालकीच्या आणखी सहा कंपन्या यादीत घातल्या. ७ ऑक्टोबर २०१६ रोजी ओबामांनी म्यानमारचा संपूर्ण निर्बंध कार्यक्रमच गुंडाळला, तेव्हा लॉ आणि आशिया वर्ल्ड यादीतून बाहेर आले.

फेब्रुवारी २०२१च्या लष्करी उठावानंतर नवा आदेश आला आणि नवी यादी सुरू झाली. जुनी यादी आपोआप परतली नाही, प्रत्येक नाव नव्याने घातलं जातं. म्हणून अमेरिका, ब्रिटन, युरोपीय संघ आणि कॅनडा, चारही याद्या कागद बँकेत देण्याच्या दिवशी तपासा आणि त्या तारखेची छापील प्रत जोडा. गेल्या हंगामातली प्रत कामाची नाही.

अमेरिकेचा पन्नास टक्क्यांचा नियमही लक्षात ठेवा. यादीतल्या एका किंवा अनेक व्यक्तींचा मिळून ५० टक्के किंवा जास्त हिस्सा असेल तर ती कंपनी नाव नसतानाही अडकलेली धरतात. नुसतं "नाव सापडलं नाही" लिहून भागत नाही, भागधारक कोण ते दाखवावं लागतं.

तिसरा प्रश्न सगळ्यात जास्त व्यवहार अडवतो आणि त्याकडेच दुर्लक्ष होतं. २१ जून २०२३ रोजी अमेरिकेने म्यानमा फॉरेन ट्रेड बँक आणि म्यानमा इन्व्हेस्टमेंट अँड कमर्शियल बँक या दोन सरकारी बँकांवर निर्बंध घातले. भारत फक्त संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध मानतो हे खरं, पण तुमचे डॉलर न्यूयॉर्कमधून फिरतात, आणि तिथे अमेरिकेचाच कायदा चालतो. त्यात ऑक्टोबर २०२२ पासून एफएटीएफ या काळ्या पैशावर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाच्या काळ्या यादीत म्यानमार आहे. त्यामुळे जादा चौकशी करणं बँकेवर बंधनकारकच आहे. अधिकाऱ्यावर चिडू नका.

सीएचए_उरण

कागदांचं सांगतो.

बिल ऑफ लेडिंगवर (जहाज कंपनीच्या माल-पावतीवर) बहुतेक वेळा नुसतं "यांगून" असतं. टर्मिनल कळतं ते बुकिंग कन्फर्मेशनवरून आणि कंटेनर फाटकातून आत गेल्याच्या पावतीवरून. या दोन्हींच्या प्रती निर्यातदाराकडून माल चढण्याआधीच मागवा, नंतर मागितल्या की आठवडा जातो. सीएनएफ सौद्यात (जहाजभाडं विक्रेत्याकडे) यांगूनचा हाताळणी आकार निर्यातदार जहाज कंपनीला देतो आणि जहाज कंपनी टर्मिनलला. तुमच्या खात्यातून टर्मिनलला थेट रुपयाही जात नाही. बँकेला हा क्रम सरळ तीन वाक्यांत लिहून द्या.

सिंगापूरचं कोडं दोन प्रकारचं असतं. एक, सिंगापूरची कंपनीच विक्रेती आहे, बीजक तिचं, आणि म्यानमारची कंपनी फक्त माल पाठवणारी. दोन, बीजक म्यानमारच्या कंपनीचं पण पैसे सिंगापूरला. दुसरा प्रकार म्हणजे तिसऱ्या पक्षाला पैसे देणं. त्याला पक्की खरेदी ऑर्डर किंवा त्रिपक्षीय करार लागतो, बीजकावर "रक्कम अमुक कंपनीला द्यावी" असं छापलेलं लागतं आणि बिल ऑफ एंट्रीत (कस्टमला द्यायच्या आयात नोंदीत) तसाच उल्लेख लागतो. बिल ऑफ एंट्री भरून झाल्यावर हे सुचलं तर दुरुस्तीसाठी कस्टमकडे खेटे घालावे लागतात.

निर्यातदार सिंगापूरला पैसे का मागतो, याचं म्यानमारमध्ये एक साधं कारण आहे, ते बँकेला सांगायला हरकत नाही. एप्रिल २०२२ पासून तिथल्या केंद्रीय बँकेने निर्यातीतून आलेले डॉलर सरकारी दराने मोडायला लावले. ऑगस्ट २०२२ मध्ये तो दर डॉलरला २,१०० क्यात ठरला, बाजारात दर त्याच्या कितीतरी वर गेला. सक्तीचा हिस्सा पुढे टप्प्याटप्प्याने कमी केला, तरी निर्यातदाराचा तोटा चालूच राहिला. म्हणजे प्रत्येक सिंगापुरी खातं कुणा लष्करी घराण्याचं नसतं. पण कारण पटण्यासारखं आहे म्हणून चौकशी टळत नाही. त्या कंपनीचा सिंगापूरच्या नोंदणी कार्यालयातला उतारा विकत मिळतो, त्यात संचालक आणि भागधारक दोन्ही दिसतात. तो जोडाच.

आणखी एक. कंटेनर पोर्ट क्लांग किंवा सिंगापूरला दुसऱ्या बोटीवर चढतो. तिथे बिल बदलून "माल चढवल्याचं बंदर: सिंगापूर" असं करून देतो, म्हणजे बँक विचारणारच नाही, असं कुणी सुचवलं तर साफ नाही म्हणा. धुरी दिल्याचा दाखला आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र म्यानमारचं असतं, कंटेनरचा माग जहाज कंपनीच्या संकेतस्थळावर कुणालाही दिसतो. जो प्रश्न एका पत्रात मिटला असता तो लपवाछपवीचा गुन्हा होऊन बसतो.

थिलावा_धक्का

वरच्या उत्तरांत एक गोष्ट राहिली. टर्मिनल बदलून घेता येतं. यांगून शहरापासून नदीच्या मुखाकडे सुमारे २५ किलोमीटरवर थिलावा आहे. तिथे हचिसनचं एमआयटीटी आणि जपानी मदतीने बांधलेलं टीएमआयटी अशी दोन टर्मिनल आहेत. खरेदीच्या करारातच "माल थिलावातून चढवावा" अशी अट घाला. निर्यातदार लगेच हो म्हणेल असं नाही, कारण डाळीची गोदामं आणि रिकामे कंटेनर शहराच्या बाजूला असतात, ट्रकभाडं वाढतं. शिवाय तुमच्या वेळापत्रकातली बोट थिलावाला लागतेच असं नाही. पण आधी सांगितलं तर जमतं.

आशिया वर्ल्ड टाळायचं म्हणून शेजारच्या धक्क्यावर गेलात आणि तो लष्कराच्या जमिनीवर निघाला, तर आगीतून फुफाट्यात. अलोनमध्येच अदानी पोर्ट्सने टर्मिनल बांधायला घेतलं होतं, जमीन म्यानमा इकॉनॉमिक कॉर्पोरेशनकडून भाडेपट्ट्यावर. मार्च २०२१ मध्ये त्या कॉर्पोरेशनवर निर्बंध आले, गुंतवणूकदारांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली, आणि मे २०२३ मध्ये अदानींनी ते ३ कोटी डॉलरला विकून टाकलं. त्यात गुंतवलेली रक्कम १२.७ कोटी डॉलर होती. धक्क्याची मालकी आणि जमिनीची मालकी वेगवेगळी विचारा.

हे केवळ बँकेच्या समाधानासाठी करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन मंडळाने ऑगस्ट २०१९च्या अहवालात लिहिलं आहे की २०१७ मध्ये राखाइनमध्ये रोहिंग्यांविरुद्ध कारवाई सुरू झाल्यावर ४५ कंपन्या आणि संस्थांनी लष्कराला मोठ्या देणग्या दिल्या. कानबावझा आणि मॅक्स म्यानमार या दोन समूहांनी सीमेवरच्या कुंपणाला पैसा पुरवला, असं त्यात नावानिशी आहे. घराण्यांच्या तिजोरीतून लष्कराकडे पैसा कोणत्या वाटेने जातो ते त्यात दिसतं. पर्याय असेल तर तो घ्यावा.

शान_डोंगर

@थिलावा_धक्का, पटतं, फक्त एक भर. भारत आणि म्यानमारमध्ये २०२१ मध्ये झालेल्या करारानुसार पाच वर्षं दरसाल अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर घ्यायचं ठरलं होतं. एवढा माल पिकवणारा शेतकरी बागो आणि इरावतीच्या खोऱ्यातला, त्याला धक्का निवडता येत नाही. व्यापार थांबवण्यापेक्षा वाट बदलणं बरं, एवढंच म्हणायचं आहे.

उडीद_वाशी

सर्वांचे आभार, आता पत्र लिहिता येईल. एकच अडचण. निर्यातदाराच्या एका संचालकाचं नाव यादीतल्या एका नावाशी तंतोतंत जुळतंय, बँकेच्या संगणकाने लाल खूण दाखवली. निर्यातदार म्हणतो तो दुसरा माणूस. हे सिद्ध कसं करायचं?

निर्बंध_वाचक

म्यानमारमध्ये ही रोजची डोकेदुखी आहे. बर्मी माणसाला आडनाव नसतं आणि तीच ती नावं हजारो लोकांची असतात. उलट बाजूने एकाच माणसाची अनेक नावं असतात: स्टीव्हन लॉ, टुन म्यिंट नाइंग, ह्टुन म्यिंट नाइंग आणि चिनी लो पिंग झोंग हा एकच इसम. वडील लो, मुलगा टुन म्यिंट नाइंग, कागदावर नातं दिसतच नाही. म्हणून नावावर काहीच ठरवू नका, जुळलं तरी आणि नाही जुळलं तरी.

संचालकाच्या राष्ट्रीय ओळखपत्राचा क्रमांक मागवा. त्याची रचना ठरलेली असते: आधी राज्याचा आकडा (९ म्हणजे मंडाले, १२ यांगून, १३ शान), मग तिरकी रेघ, तालुक्याची अक्षरं, कंसात नागरिकत्वाचा प्रकार आणि शेवटी सहा आकडे. अमेरिकी यादीत पुष्कळ नोंदींपुढे हा क्रमांक किंवा जन्मतारीख दिलेली असते. दोन्ही शेजारी ठेवा. यादीतला इसम १३/ चा आणि तुमचा १२/ चा, जन्मसालातही अंतर असेल, तर बँक खूण काढते.

सोबत कंपनीचा नोंदणी उतारा घ्या. १ ऑगस्ट २०१८ला नवा कंपनी कायदा लागू झाल्यापासून म्यानमारची नोंदणी ऑनलाइन आहे, कंपनीच्या नावाने किंवा क्रमांकाने शोधता येते. बीजकावरचं इंग्रजी स्पेलिंग आणि नोंदणीतलं स्पेलिंग अक्षरशः एकच आहे का ते बघा. बर्मी नावांचं एका अक्षराचं स्पेलिंग इकडचं तिकडे झालं की बँक कागद परत पाठवते.

सीएचए_उरण

ओळखपत्राची प्रत नुसती व्हॉट्सअपवर घेऊ नका. कंपनीच्या पत्रावर, सही-शिक्क्यानिशी, बर्मी मूळ आणि इंग्रजी भाषांतर दोन्ही मागवा. पुढच्या प्रत्येक कंटेनरला तीच फाइल चालते, फक्त चार याद्यांच्या प्रती त्या दिवसाच्या लावायच्या. तोवर कंटेनर बंदरात पडून असेल तर मोकळे (बिनभाड्याचे) दिवस संपायच्या आत जहाज कंपनीकडे मुदतवाढीचा अर्ज टाका. संपल्यावर टाकलेला अर्ज सहसा मानत नाहीत.